घरातला डॉल्बी: आपण नेमकं काय ऐकतो?

आजचा विषय ‘होम थिएटरमधले सराउंड साउंडचे फॉरमॅट’ असा जाहीर झालाय. कोणता सेट घ्यावा, कितीला पडेल, हे ऐकायला जे आले असतील त्यांची आधीच माफी मागतो. मॉडेल आणि किमती आमच्याकडे नाहीत. नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, तशी घरात येणाऱ्या ध्वनीची करता येते का, एवढंच आम्ही पाहणार आहोत.

‘आम्ही’ म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली इथले आम्ही सात-आठ जण. कोणी शाळेत शिकवतो, कोणी रेल्वेतून निवृत्त झालाय, एक जण वायरिंगची कामं घेतो. महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो आणि सिनेमा ऐकतो. हो, ऐकतो. बघायला तर सगळेच बघतात. आपल्या तालुक्यात २००५ पासून एन. डी. स्टुडिओ उभा आहे, ‘जोधा अकबर’चे किल्ले-महाल इथे उभे राहिले, त्यामुळे सेट, रंग, भव्यता यांवर चहाच्या टपरीवरसुद्धा चर्चा चालते. पण प्लास्टरच्या तटबंदीत दगडी तटबंदीसारखा आवाज घुमतो का, हे कोणी विचारत नाही. डोळ्यांचे टीकाकार पुष्कळ, कानांचे नाहीत, म्हणून हा उद्योग.

आता ‘डॉल्बी’ या शब्दापासून सुरुवात करू. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे काय? टेम्पोवर रचलेली खोक्यांची भिंत. वरातीत, मिरवणुकीत, छातीत धडधडणारी. ‘डॉल्बी लावला’, ‘डॉल्बी जप्त केला’, ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ हे सगळं मराठी वर्तमानपत्रातलं रोजचं मराठी आहे. शब्दाबद्दल आमची तक्रार नाही. भाषा शब्द घेते आणि आपल्या मनाप्रमाणे वापरते. पण हा शब्द आला कुठून ते कळलं, की हसावं की रडावं ते समजत नाही.

रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. तिचं पहिलं उत्पादन होतं आवाज कमी करण्याचं यंत्र. टेपवर ध्वनिमुद्रण केलं की मागे एक बारीक ‘स्स्स’ अशी खरखर कायम राहायची. डॉल्बीची युक्ती साधी होती. मुद्रण करताना हळू आवाज थोडे उचलून घ्यायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. खाली आणताना त्यांच्याबरोबर खरखरही खाली जाते. ज्यांच्या घरी कॅसेट डेक होता त्यांना ‘डॉल्बी एनआर’ असं लिहिलेलं ते बटण आठवत असेल. म्हणजे ज्या माणसाने आयुष्याची सुरुवात शांतता स्वच्छ करण्यापासून केली, त्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं.

ही नुसती गंमत नाही. आमचं आजचं सगळं म्हणणं याच्यातच आहे. सराउंडच्या प्रत्येक फॉरमॅटची लायकी दोन गोष्टींवरून ठरते. तो शांतता किती राखतो आणि दिशा किती खरी सांगतो. आवाज किती मोठा आणि खोकी किती, हे त्यानंतरचे प्रश्न. बाजारात मात्र हेच दोन प्रश्न पहिले येतात, आणि आपणही दुकानात तेच विचारतो.

दिशा म्हणजे काय, ते कर्जतकराला शिकवायची गरज नाही. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात, डब्यांना हलका धक्का बसतो. मग पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात. फलाटावर डोळे मिटून उभं राहिलं तरी कळतं की एकाच गाडीचा जोर दोन टोकांना आहे आणि आपण मध्ये आहोत. घाटात गाडी शिरली की तोच आवाज डोंगरावरून परत येतो. हे आमचं पहिलं सराउंड. त्यात कुठलाही आवाज उगाच मागून येत नाही. मागे इंजिन आहे म्हणून मागून येतो.

सिनेमाने हे कसं जमवलं, ते थोडक्यात बघू. कंटाळू नका, फार तांत्रिक नाही. सत्तरच्या दशकात डॉल्बी स्टिरिओ आला. फिल्मच्या कडेला दोनच ध्वनिपट्ट्या, पण त्यांत चार वाटा गुंफलेल्या: डावी, मधली, उजवी आणि मागची. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत जगभर गाजवली. हिंदीत १९९४ च्या ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’पासून डॉल्बी स्टिरिओची चर्चा सुरू झाली. मागची वाट एकच होती आणि तिच्यातून तीक्ष्ण स्वर पूर्ण येत नसत. घरात ही पद्धत प्रो लॉजिक या नावाने आली. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आला. ध्वनीचे आकडे चक्क फिल्मच्या भोकांमधल्या जागेत छापले जायचे. पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस आला. त्याचा ध्वनी वेगळ्या सीडीवर असायचा आणि फिल्मवरच्या वेळेच्या खुणांशी जोडून तो चालवायचा. दोघांनी मिळून ५.१ हा आकडा घराघरात नेला.

या ५.१ चा अर्थ विचारला तर पुष्कळ जण म्हणतात, पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा. मग तो एक ‘पॉइंट वन’ का? कारण सबवूफरची ती वाट फक्त साधारण १२० हर्ट्झपर्यंतचे खर्जातले धक्के वाहते. पूर्ण ध्वनीच्या मानाने तिचा आवाका अगदी थोडा, म्हणून दशांश. ती स्फोटासाठी, भूकंपासाठी, ढगांच्या गडगडाटासाठी राखून ठेवलेली जागा आहे. आमटीतल्या हिंगाएवढी. आणि आपल्याकडे घरी पाहुणे आले की पहिली तीच ऐकवली जाते!

२०१२ मध्ये डॉल्बी ॲटमॉस थिएटरात आला आणि २०१४ पासून घरात. त्याने विचारच बदलला. आधी ध्वनी स्पीकरला वाटून दिला जायचा. आता काही ध्वनी ‘वस्तू’ म्हणून ठेवले जातात. हेलिकॉप्टर खोलीत अमुक जागी आहे आणि अमुक दिशेने चाललंय, एवढं लिहून ठेवायचं. तुमच्या घरचं यंत्र तुमचे स्पीकर बघून हिशेब करतं. यात छतावरचे स्पीकरही येतात, म्हणून ७.१.४ असले तीन आकडे. समीक्षक म्हणून आम्हाला ही कल्पना मनापासून आवडते. ध्वनीला जागा द्यायची आणि स्पीकर मग घरानुसार ठरवायचे, यात शहाणपण आहे.

पण हे शहाणपण आपल्या घरात येताना काय होतं? आमचे तीन अनुभव सांगतो.

पहिला अनुभव छताचा. आमच्यातल्या एकाने छतावर स्पीकर न लावता वरच्या दिशेला आवाज फेकणारे स्पीकर घेतले. आवाज छतावर आपटून खाली येतो आणि वरून आल्यासारखा वाटतो, अशी त्यामागची कल्पना. ती चालते, पण छत सपाट हवं आणि फार उंच नको. याचं घर कौलारू, उतरत्या छपराचं! आवाज कौलांवर गेला आणि भलत्याच दिशेला घसरला. आम्ही सगळे माना वर करून बसलो होतो आणि हेलिकॉप्टर स्वयंपाकघरात उतरलं. दोष यंत्राचा नव्हता. फॉरमॅटने मनात एक घर धरलंय, आणि ते घर कर्जतचं नाही.

दुसरा अनुभव खोलीचा. आपला हॉल दहा बाय बाराचा. बारा फुटी खोलीत साधारण ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींमध्ये अडकून घुमतो. सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्याला छातीत ठोका बसतो आणि मध्ये बसलेल्याला काहीच नाही. मग मधला उठतो आणि आवाज वाढवतो. आम्ही सबवूफर कोपऱ्यातून फक्त दीड हात सरकवला आणि भांडण मिटलं. बाजूचे स्पीकरही लोक मागच्या भिंतीला ठोकतात. ५.१ च्या प्रमाण मांडणीत ते समोरच्या मध्यापासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या बाजूला आणि जरासे मागे असतात. सोफा भिंतीला चिकटवलेला असेल तर मागे जागाच उरत नाही. अशा घरात पाच स्पीकरांपेक्षा समोरचे तीन नीट लावलेले बरे, हे आमचं प्रामाणिक मत.

तिसरा अनुभव मालाचा. सेट महागातला, पण त्यात येतंय काय? आमच्या रिसीव्हरच्या काचेवर अनेकदा दोनच वाटांचा ध्वनी येत असल्याची खूण दिसते. पाचही स्पीकर मात्र वाजत असतात. कारण यंत्र स्टिरिओतून अंदाजाने सराउंड बनवून देतं. पाणी घातलेलं ताक जसं. पिता येतं, पण त्याला दही म्हणू नये. तुमच्याकडे सेट असेल तर आज घरी जाऊन ती खूण वाचा. मराठी सिनेमा लावा आणि वाचा. थिएटरसाठी मेहनतीने केलेलं ध्वनिमिश्रण घरी पोचेपर्यंत दोन वाटांचं झालेलं असेल, तर ती तक्रार प्रेक्षकाने करायला हवी. चित्र धूसर दिसलं तर आपण लगेच फोन करतो ना?

आता आवडत्या सिनेमांकडे येतो, कारण फॉरमॅटची परीक्षा कलाकृतीवरच होते.

‘कोर्ट’ घ्या. चैतन्य ताम्हाणेंचा. लांबून लावलेला स्थिर कॅमेरा, मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा भाषा, आणि न्यायाधीश साक्ष ऐकून ती टंकलेखकाला सांगून लिहून घेतात. माणूस एक बोलतो आणि नोंदीत दुसरंच उमटतं, हा सगळा सिनेमा कानाचा आहे. टीव्हीच्या पाठीमागे तोंड केलेल्या स्पीकरवर आम्ही तो लावला तेव्हा अर्धी वाक्यं गेली. समोर मध्ये एक चांगला सेंटर स्पीकर ठेवला आणि सिनेमा पुन्हा पाहिला, तर जणू दुसराच. संवाद मधल्या वाटेने येतात. संवाद कळत नाहीत म्हणून जे लोक आवाज वाढवतात, त्यांनी आधी ही वाट तपासावी. आमच्या मते मराठी घराने पहिला पैसा सेंटर स्पीकरवर घालावा आणि शेवटचा सबवूफरवर.

मग ‘फँड्री’. नागराज मंजुळेंच्या या सिनेमात जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी थांबतात. डुक्कर कशाला थांबेल? या प्रसंगात राष्ट्रगीत तिकडून, शाळेकडून येतंय, हे अंतरच अर्थ आहे. ज्या शाळेच्या बाकावर जब्याला बसायचंय तिथून ते येतंय, आणि तो बाहेर उभा आहे. टीव्हीत ‘आवाज आपोआप समान करा’ अशी एक सोय असते. ती चालू ठेवून आम्ही हा प्रसंग पाहिला. हळू आवाज उचलले गेले, मोठे दाबले गेले आणि दूरचं गाणं जवळ येऊन बसलं. अंतर गेलं, त्याच्याबरोबर अर्थही गेला. रात्री बाळ झोपलं असेल तर ती सोय जरूर वापरा. पण ‘फँड्री’ बाळ जागं असताना बघा.

आणि शेवटी ‘सैराट’. २०१६. याच्याइतका दुहेरी सिनेमा ध्वनीच्या बाबतीत मराठीत आम्हाला दुसरा माहीत नाही. अजय-अतुल यांचं भव्य वाद्यवृंदाचं संगीत, आणि ‘झिंगाट’ तर टेम्पोवरच्या डॉल्बीचं गाणंच झालं. कर्जतपासून कोल्हापूरपर्यंत त्याच्याशिवाय वरात निघत नव्हती. आणि त्याच सिनेमाचा शेवट? लहान मूल दारातून बाहेर येतं, पावलांचे ठसे उमटत जातात, आणि ध्वनी नाही. काहीच नाही. थिएटरात आम्ही तो शेवट पाहिला तेव्हा चारी बाजूंच्या भिंतींवरचे सगळे स्पीकर गप्प होते आणि ती शांतता मागून, बाजूंनी, वरून अंगावर आली. दोन तास ज्या भिंती नाचत होत्या त्याच गप्प झाल्या, म्हणून ती एवढी लागली.

घरी तो शेवट लावला तेव्हा काय ऐकू आलं? पंखा, फ्रिज, शेजारची मालिका आणि सबवूफरची बारीक घरघर. साठ वर्षांपूर्वी जी खरखर घालवायला डॉल्बीने प्रयोगशाळा काढली, ती आम्ही पैसे देऊन घरात परत आणली होती. त्या दिवसापासून आमच्या मंडळाची एकच परीक्षा आहे. कुठल्याही घरच्या सेटवर ‘सैराट’चा शेवट लावायचा. शांतता ऐकू आली तर सेट चांगला. ‘झिंगाट’ कसं वाजतं ते आम्ही विचारतच नाही. ते सगळीकडेच वाजतं.

आता जरा अवघड गोष्ट बोलतो. इथे बसलेल्यांपैकी काही जणांना ती लागेल.

कर्जत-खालापूरमध्ये गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारची घरं फार झाली. बंगले, फार्महाऊस, काचेच्या भिंतींचे हॉल आणि त्यात मोठे सेट. येणाऱ्यांनी यावं, आमची हरकत नाही. पण खर्जाचं गणित ऐका. ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस फूट. तिला काच अडवत नाही, पडदा अडवत नाही, नऊ इंची भिंतही पुरती अडवत नाही. संवाद तुमच्या हॉलमध्ये राहतात आणि धक्के शेत ओलांडून वाडीवर जातात. थिएटरच्या मापाने सेट लावला तर एका वाटेचे शिखर १०५ डेसिबलपर्यंत जातं, सबवूफरच्या वाटेचं ११५. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी जागेतल्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये, असंही त्यात आहे. म्हणजे ‘माझ्या घरात वाजवतोय’ हे उत्तर पुरत नाही. मिरवणुकीचा डॉल्बी वर्षातून मोजके दिवस, आणि त्याच्यावर अग्रलेख येतात. हा घरातला डॉल्बी दर शनिवारी असतो.

ॲटमॉस ऐकवताना दुकानात हमखास पाऊस ऐकवतात. वरून पडणारा पाऊस. ऐकणारे ‘वा!’ म्हणतात, आम्हीही म्हटलं होतं. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतरच्या पावसाळ्यांत डोंगराखालच्या वाड्यांवर लोक रात्री पाऊस कसा ऐकतात, ते आमच्यातल्या दोघांना जवळून माहीत आहे. पत्र्यावरचा मारा वाढला का, ओढ्याचा सूर बदलला का, वर काही घरंगळलं का. तिथे कान हीच राखण आहे. अशा रात्री खालच्या बंगल्यातून सिनेमातला गडगडाट वर येत असेल, तर तो त्या माणसांच्या ऐकण्यावर पडतो. खरा कोणता आणि खोटा कोणता, हे अंधारात बसून कोणी ठरवायचं?

म्हणून फॉरमॅटची समीक्षा आम्ही खोलीच्या दाराशी थांबवत नाही. ध्वनी चारी बाजूंनी येतो तसा चारी बाजूंना जातोही. चांगल्या सराउंडची आमची व्याख्या एवढीच: आतल्याला दूरचं गाणं दूरच ऐकू यावं, शांतता शांतताच ऐकू यावी आणि बाहेरच्याला आपला पाऊस ऐकू यावा.

याला फार खर्च लागत नाही. सबवूफर जमिनीवरून उचलून जाड रबरी तुकड्यांवर ठेवा. दहानंतर त्याची वाट बंद करा, संवादांचं काही बिघडत नाही. खोलीत जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट असू द्या. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. ध्वनीला एक मीटर यायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, यंत्र तो फरक भरून काढतं. आणि सिनेमा सुरू करण्याआधी पंखा बंद करून एक मिनिट नुसतं बसा. आपलं घर कसं वाजतं, ते बहुतेकांनी कधी ऐकलेलंच नसतं. आम्हीही ऐकलं नव्हतं.

बोलणं थांबवतो. साडेनऊ झालेत, दहाच्या आत हा माईक बंद व्हायला हवा, नाहीतर आमचाच डॉल्बी व्हायचा. प्रश्न असतील तर विचारा. आणि हो, मागच्या रांगेतल्यांना ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायला सांगू नका, पुढे या. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत.